बीजाचे अश्रू

पडद्यावर शुक्राणू होते आणि पडद्यासमोर माणसं हात जोडून बसली होती.

खोटं वाटेल, पण मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. भिंतभर पांढरा पडदा, टेबलावर सूक्ष्मदर्शक, त्याला जोडलेला कॅमेरा आणि पडद्यावर करड्या पाण्यात विखुरलेले बारीक ठिपके. प्रत्येकाला केसासारखी शेपटी. एकही हलत नव्हता. फर्निचरच्या दुकानावरचा तो हॉल एरवी विमा एजंटांच्या बैठकांना भाड्याने जायचा. त्या रविवारी तिथे मुंगीला शिरायला वाट नव्हती. दारं-खिडक्या लावलेल्या, पंखेसुद्धा बंद, कारण वाऱ्याने म्हणे ऊर्जा विखुरते. माणसांच्या श्वासांनी हवा दमट झाली होती. माझं डोकं तापलं होतं, ते मात्र उकाड्याने नव्हे.

व्यासपीठावरच्या इसमाला सगळे ‘प्राणगुरू’ म्हणत. पायघोळ पांढरा झब्बा आणि त्यावर पांढरा कोट. धड डॉक्टर नाही, धड साधू नाही, पण ज्याला जे हवं ते त्याने समजून घ्यावं अशी सोय होती.

“डॉक्टर तुम्हाला काय सांगतात?” तो माइकमध्ये म्हणाला. “कमी आहेत, मंद आहेत, बघू, करू. मी गोड बोलत नाही. मी सांगतो, मृत आहेत. आणि मृताला उठवणं हे डॉक्टरांचं काम नाही.”

शेजारच्या खुर्चीत एक माणूस मान खाली घालून बसला होता. पडद्यावरचे ठिपके त्याचे होते. तो माझा धाकटा भाऊ होता.

प्राणगुरूने चंदेरी पेटीतून काचेची नळी काढली. त्या पेटीला तो ‘शुद्धीची पेटी’ म्हणायचा. नमुने आले की कार्यक्रम सुरू होण्याआधीच ते तिच्यात ठेवले जात. त्याने नळी दिव्यापुढे उंच धरली आणि हॉल श्वास रोखून बघू लागला. नळीच्या अंगावर पाण्याचे बारीक थेंब जमले, मोठे झाले आणि ओघळले.

“पाहा,” तो हळू आवाजात म्हणाला. “बीज रडतंय. त्याला जगायचंय.”

माझ्या पुढच्या रांगेतली एक बाई हुंदका देऊन रडू लागली. माझ्या शेजारी आई होती. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

मग त्याने ती नळी मखमली पिशवीत घातली, दोन्ही मुठींत धरून छातीशी लावली आणि मंत्र सुरू केला. मंत्रात सूर्य होता, समुद्र होता, पेशी होत्या आणि मधूनच ‘क्वांटम’ही होतं. सगळ्या हॉलने त्याच्यामागे गुणगुणायचं. बराच वेळ ते चाललं. मग पांढऱ्या कोटातल्या त्याच्या मदतनिसाने पिशवीतल्या नळीतून नवा थेंब घेतला, नव्या काचेवर ठेवला आणि पडद्यावर चित्र आलं.

ठिपके पोहत होते. सगळे नाही, पण जे पोहत होते ते चांगले वळवळत होते. हॉलमध्ये एकच गलका झाला. माझा भाऊ उठला, पडद्याजवळ गेला, तोंडावर हात धरून बघत राहिला आणि मग लहान पोरासारखा रडला.

टाळी न वाजवणारी त्या हॉलमध्ये मी एकटीच असेन. मला चमत्कार दिसला नव्हता असं नाही. मला त्याआधी दुसरंच काहीतरी दिसलं होतं. पहिला थेंब ठेवायच्या आधी त्या मदतनिसाने काचेची पट्टी फडक्याने पुसली होती. कोरडी, कोरी काच. पुसली आणि ती पुन्हा धुरकट झाली, म्हणून परत पुसली. दुसऱ्या वेळच्या काचेला फडकं लागलंच नाही.

आता मी कोण, ते सांगते. वंध्यत्वाच्या दवाखान्यात मी प्रयोगशाळा सांभाळते. माझं मुख्य काम म्हणजे वीर्य धुणे. हसा, माझं घरही हसलं होतं. भावाने माझं नाव ‘धोबीण’ ठेवलं, आणि आई शेजारणींना अजून सांगते की आमची थोरली रक्त तपासते. पण कामाला ‘धुणं’च म्हणतात, आणि ते आहेही तसंच. नळीत एकाखाली एक, कमी दाट आणि जास्त दाट द्रावाचे थर लावायचे, त्यावर वीर्य सोडायचं आणि नळी यंत्रात गरगर फिरवायची. मेलेले, मोडके आणि इतर गाळ वरच्या थरांत अडकतो, धडधाकट असतात ते थर पार करून तळाशी पोचतात. कधी याच्या उलट. वीर्य तळाशी ठेवायचं, वर स्वच्छ पोषक द्राव सोडायचा, नळी शरीराच्या उबेत ठेवायची आणि वाट बघायची. ज्यांच्यात दम आहे ते आपणहून पोहत वर येतात. तेवढे अलगद उचलून घ्यायचे. आमचं सगळं कसब निवडण्यात आहे. आई धान्य निवडते तसं. खड्याचा दाणा करणं तिला येत नाही आणि मलाही येत नाही.

आणि या कामात पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट म्हणजे नळी गारठू द्यायची नाही. गारठ्यात शुक्राणूंची शेपटी थांबते. ते मेल्यासारखे दिसतात, पण मेलेले नसतात. ऊब मिळाली की बरेचसे पुन्हा चालू लागतात.

घरी परतताना भाऊ हवेत होता. त्याने संध्याकाळी सगळ्यांना बसवून पुढचं सांगितलं. पुढच्या रविवारी जोडीने संकल्प करायचा. मग वर्षभर दवाखाना नाही, गोळी नाही, सुई नाही. यंत्राचा स्पर्श झाला की उठलेलं बीज पुन्हा झोपतं, असं प्राणगुरूंनी बजावलंय.

मला घाम फुटला तो या वर्षभराच्या गोष्टीने. कारण आमच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं की भावाचे शुक्राणू थोडे आहेत आणि मंद आहेत, पण काम होण्यासारखे आहेत. खरी घाई वेगळीच आहे. भावजयीचा बीजांडांचा साठा वयाच्या मानाने फार लवकर संपत चाललाय. आत्ता केलं तर शक्यता आहे, वर्षभराने बहुधा नसेल. प्राणगुरूला जे वर्ष नुसतं बोलायला हवं होतं, ते वर्ष माझ्या भावजयीकडे नव्हतंच.

आणि त्या संकल्पातली मेख बघा. वर्षभरात शंभरातल्या काही जोडप्यांना आपोआप दिवस जाणारच. ते व्हायचं कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ, पण श्रेय कावळ्याचं. ज्यांना जाणार नाहीत त्यांच्यासाठी उत्तर तयार होतं. बीज तर सगळ्यांसमोर पडद्यावर उठलं होतं, तेव्हा दोष जमिनीचा. नाचता येईना अंगण वाकडं, आणि इथे अंगण म्हणजे बाई.

मी भावाला काचेच्या धुक्याबद्दल सांगितलं, गारठ्याबद्दल सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“ताई, तुला रोज दिसतात,” तो म्हणाला. “रिपोर्ट आल्यापासून मी आरशात बघतो तेव्हा मला मेलेला माणूस दिसतो. आज पहिल्यांदा मी माझं काहीतरी जिवंत पाहिलं. ते तू माझ्याकडून काढून घेऊ नकोस.”

आई म्हणाली, “आता तो सावरलाय तर तू त्याचं बिघडवू नकोस. त्याचं बीज उठलंय. राहिलं काय ते हिचं बघावं लागेल.” आणि तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं. भावजय तिथे ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

भावजय बेकरीत काम करते. पहाटेची पाळी असल्यामुळे सकाळच्या कार्यक्रमाला ती आली नव्हती. ती मला बसथांब्यापर्यंत सोडायला आली. तिच्या केसांना नेहमीप्रमाणे यीस्टचा वास येत होता. ती थांब्याच्या बाकावर टेकली. मग म्हणाली, “तुमच्या दवाखान्यात तपासणीची नळी मीच आणली होती, आठवतं? ह्यांना बाहेर पडायची लाज वाटत होती. नर्सने फोनवर सांगितलं, पर्समध्ये ठेवू नका, अंगाशी धरून आणा. मी ब्लाउजमध्ये ठेवली. बसमध्ये उभ्याने आले, एक हात दांडीला आणि एक हात छातीवर. एका बाईला वाटलं मला दुखतंय, तिने बसायला जागा दिली.”

“बरोबर आणलीस,” मी म्हटलं.

“मग हे सांगत होते ती गुरूंची नळी ओली का झाली, ताई? आमच्याकडे कोल्ड रूममधलं पातेलं बाहेर काढलं की असंच पाणी सुटतं.”

हॉलभर पदवीधर बसले होते आणि मीही बसले होते, पण हा प्रश्न मोठ्याने विचारायची हिंमत आमच्यातल्या एकालाही झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तिला प्रयोगशाळेत घेऊन गेले. नव्या लोकांना शिकवण्यासाठी आमच्याकडे काही जण स्वखुशीने नमुना देतात, त्यातला एक होता. त्याचे दोन भाग केले. एक उबदार पट्टीवर ठेवला, एक बर्फात. मग थंड काचेवर बर्फातला थेंब ठेवला आणि तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

“मेलेत,” ती म्हणाली.

“गारठलेत.” मी तीच नळी तिच्या मुठीत दिली. “धर. आणि मंत्र म्हणायचा असेल तर म्हण.”

ती हसली नाही. मूठ घट्ट करून बसली. थोड्या वेळाने मी कोमट काचेवर नवा थेंब ठेवला. ती वाकून बघत राहिली, इतका वेळ की मला वाटलं तिला काही दिसत नाहीये. मग तिने मान वर केली.

“पिठासारखं. रात्री कोल्ड रूममध्ये ठेवलं की झोपतं, पहाटे भट्टीजवळ आणलं की फुगतं. त्याला कुणी प्राण दिला असं आमच्यात कुणी म्हणत नाही.” मग तिने खरा प्रश्न विचारला. “आणि यातले जे अजून पडून आहेत?”

“ते मेलेलेच. त्यांना कुणी उठवू शकत नाही. मी फक्त चालणारे निवडून घेते.”

“ह्यांच्यात तेवढे आहेत?”

“आहेत. पण तुझ्याकडे वेळ नाही.”

हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतंच, पण आता मीच पुन्हा सांगायला हवं होतं आणि सांगितलं. नवऱ्याला इथे आणून दाखवू या, असं मी म्हटलं. तिने मान हलवली. इथे दाखवलं तर ताईने काहीतरी केलं असं ते म्हणतील, ती म्हणाली, त्यांनी जिथे पाहिलं तिथेच पाहिलं पाहिजे. मग तिने विचारलं की संकल्पाच्या वेळी बायकांना काय करायला लावतात. मी सांगितलं की पत्नीने पेटीतून नळी उचलायची आणि गुरूंच्या हातात समर्पण करायची.

“म्हणजे नळी आधी माझ्या हातात येते,” भावजय म्हणाली.

पुढच्या रविवारी हॉल आणखी भरला होता. मी ओढणीच्या आत, अंगाशी, काचेच्या चार पट्ट्या आणि एक ड्रॉपर कापडात गुंडाळून ठेवला होता. आई पहिल्या रांगेत होती. प्राणगुरूने जमीन, बीज, ऋतू आणि ब्रह्मांड यांच्यावर प्रवचन झोडलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मग भावाला खुर्चीत बसवलं, पहिला थेंब पडद्यावर दाखवला. सगळे निश्चल. ‘मृत’ झालं. आठवड्यापूर्वी उठलेले हे पुन्हा कसे मेले, असं कुणी विचारलं नाही. भावजयीला समोर बोलावलं.

प्राणगुरूने तिच्या पोटापासून वीतभर लांब तळहात धरला, डोळे मिटले आणि हात झटकला.

“थंड,” तो माइकमध्ये म्हणाला. “या देहात ऊब नाही. बीज मी उठवीन. जमिनीची जबाबदारी मी घेत नाही.”

हॉलमध्ये चुकचुकण्याचा आवाज फिरला. आईने मान खाली घातली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. लग्नानंतरची एवढी वर्षं ही पोर पहाटे उठून भट्टीपुढे उभी राहते, आणि हा तिला भर सभेत थंड म्हणतो.

तिने पेटीतून नळी उचलली. थेंब ओघळून तिच्या मनगटावर आले. प्राणगुरूने हात पुढे केला. तिने नळी दिली नाही. पदराने ती नीट पुसली, कोरडी केली आणि सगळ्यांदेखत ब्लाउजच्या आत, छातीशी ठेवली. वरून हात धरला.

मग प्राणगुरू ओरडला, “काय करताय बाई? अशाने बीज मरेल!”

“ते तर मेलेलं आहे म्हणालात,” भावजय म्हणाली. “मेलेलं पुन्हा कसं मरेल?”

मागून कुणीतरी हसलं. त्या हॉलमधलं ते पहिलं हसू असावं, आणि ते पसरलं. प्राणगुरूने अश्रद्धा, अपवित्र कंपनं, वगैरे सुरू केलं. भावजयीने डोळे मिटले आणि ओठ हलवायला सुरुवात केली. लोक गप्प झाले. काही जण तर तिच्या चालीवर गुणगुणायला लागले. ती काय म्हणतेय हे कुणालाच ऐकू येत नव्हतं, पण सवय लागलेली होती. भाऊ खुर्चीत ताठ बसला होता. त्याचा चेहरा रागाने लाल झालाय की लाजेने, ते मला कळेना.

बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले आणि म्हणाली, “ताई, या.”

मी व्यासपीठावर चढले. पांढऱ्या कोटातला मदतनीस सूक्ष्मदर्शकावर हात ठेवून उभा राहिला. पण गर्दीची तऱ्हा न्यारी असते. तमाशा बघायला आलेल्या माणसाला तमाशा पुरा हवा असतो. “बघू द्या की,” असं चारी बाजूंनी सुरू झालं. त्याला हात काढावा लागला. मी माझी कोमट पट्टी काढली, थेंब ठेवला, वर पातळ काच ठेवली आणि चित्र स्पष्ट केलं.

पोहत होते. मागच्या रविवारसारखेच.

मग जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. दुसऱ्या रांगेतली एक म्हातारी उठली, तिने पदर डोक्यावर घेतला आणि भावजयीपुढे हात जोडले. “बाई, तुझ्यात शक्ती आहे,” ती म्हणाली. “माझ्या लेकाचंही उठव.” तिच्यामागून एक जोडपं आलं, मग आणखी एक. तिच्या पायाला हात लावायला ते वाकले. एका गुरूची गादी अजून गरम होती तोवर दुसरीची तयारी झाली होती.

भावजय दोन पावलं मागे सरली. तिला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नाही.

“माझ्या पाया पडायचं नाही,” ती म्हणाली. माइक नव्हता, पण आवाज शेवटपर्यंत गेला. “मी पाव विकते. मी कोणता मंत्र म्हटला सांगू? पाव, टोस्ट, बिस्कीट, केक, पाव, टोस्ट, बिस्कीट, केक. आमच्या दुकानातली पाटी म्हटली मी. यात मंत्र नाही आणि माझ्यात शक्ती नाही. माझ्या अंगाला ऊब आहे, तशी ती तुमच्याही अंगाला आहे. कुणीही काखेत धरली असती तरी हेच झालं असतं. ती पेटी उघडा आणि बघा.”

मदतनीस पेटीकडे धावला. पण त्याच्याआधी माझा भाऊ तिथे पोचला होता. तो खुर्चीतून केव्हा उठला ते मी पाहिलंच नाही. त्याने पेटीतली नळ्यांची जाळी बाहेर काढली, तिच्याखालचं चकचकीत कापड ओढलं, आणि पेटी टेबलावर उपडी केली. खालून बर्फाच्या निळ्या पिशव्या धपाधप पडल्या. त्यांच्यामध्ये, कागदात गुंडाळून, काचेच्या पट्ट्यांचा एक गठ्ठा होता. त्याने त्यातली एक पट्टी बोटांत धरली. बघता बघता ती धुरकट झाली.

मग तो प्राणगुरूकडे वळला आणि त्याच्या हातातली मखमली पिशवी काढून घेतली. तिच्या अस्तरात हात घातला. आत थंडीत हात शेकायची गरम पुडी होती. त्याने ती आईच्या मांडीवर नेऊन ठेवली.

“गरम आहे,” आई म्हणाली. एवढंच म्हणाली.

प्राणगुरूने सांगितलं की शीतलता ही शुद्धीसाठी असते, तिला विज्ञानातही आधार आहे. चोराच्या उलट्या बोंबा. मग माइक मी घेतला. मी भाषण केलं नाही, मला ते येत नाही. मी सांगितलं की बर्फात ठेवलं की शुक्राणू थांबतात आणि ऊब दिली की चालतात. पंखे बंद ठेवून, दारं लावून, तुमचाच श्वास या हॉलमध्ये कोंडला जातो आणि तुमच्याच श्वासाची वाफ गार नळीवर पाणी होऊन जमते, त्याला हा बीजाचे अश्रू म्हणतो. तुम्ही रडलात ते तुमच्याच श्वासाकडे बघून. मी हेही सांगितलं की गारठा सगळ्यांना सोसत नाही. ज्यांचे आधीच थोडे होते, त्यातले काही या पेटीने खरोखर मारले असतील.

मागच्या भिंतीपाशी एक बाई उभी होती. ती म्हणाली, “आमचं संकल्पाचं वर्ष झालं. मग या गुरूंनी सांगितलं, माझी जमीन थंड आहे. माझ्या सासरच्यांनी ते ऐकलं.” ती रडत नव्हती. ती फक्त सांगत होती. तिच्या बाजूला उभा असलेला माणूस हळूच दुसरीकडे बघू लागला.

भाऊ अजून पडद्यासमोर होता. मला म्हणाला, “ताई, यात चालणारे किती?”

मी चित्र सरकवत गेले. प्राणगुरू नेहमी दाटीची जागा दाखवायचा, मी सगळं दाखवलं. बरेचसे पडून होते. काही जागच्या जागी वळवळत होते. मधूनच एखादा सरळ रेषेत पडदा कापत जायचा.

“हा बघ,” मी म्हटलं. “आणि तो. असे थोडेच आहेत. रिपोर्टमध्ये होते तेवढेच. ऊब दिल्याने वाढले नाहीत.”

“तुला तेवढे पुरतात?”

“मला तेवढे पुरतात.”

तो थोडा वेळ त्या एकाकडे बघत राहिला, तो पडद्याबाहेर जाईपर्यंत. मग हॉलकडे वळला. माझा भाऊ लग्नातसुद्धा चार माणसांपुढे बोलला नव्हता.

“कमी माझ्यातही आहे,” तो म्हणाला. “फक्त तिच्यात नाही. हे मी घरी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, म्हणून इथे सांगतो. माझे थोडे आहेत आणि हळू आहेत. मेलेले नाहीत, आणि मीही मेलेलो नाही. हे मला कळायला या माणसाची गरज नव्हती. आणि माझ्या बायकोला कुणी थंड म्हणायचं नाही.”

आई उठली. मला वाटलं ती त्याला ओरडणार. ती टेबलापाशी गेली, बर्फाच्या पिशव्यांकडे पाहिलं, मग भावजयीचं ओलं मनगट आपल्या पदराने पुसलं. “चला घरी,” म्हणाली. “आणि उद्या दवाखान्यात जायचं. मी येते बरोबर.”

जाताना भावाने हॉलचे सगळे पंखे लावले.

प्राणगुरू दुसऱ्या दिवशी त्या हॉलमध्ये नव्हता. आम्ही तक्रार केली आहे, काही जोडप्यांनी सह्या दिल्या, काहींनी दिल्या नाहीत. दुसऱ्या शहरात तो आता मंत्राने नाही, प्रकाशाने उठवतो असं ऐकलं. त्या म्हातारीने भावजयीच्या बेकरीचा पत्ता शोधून काढला होता. ती येते, हात जोडते, भावजय तिला पाव देते आणि लेकाला डॉक्टरकडे पाठवा म्हणून सांगते. अजून पाठवलेला नाही. हा लढा एका रविवारी संपत नाही.

आता तुम्ही विचाराल, मग मूल झालं का? ही गोष्ट मी ज्यांना ज्यांना सांगितली त्या सगळ्यांनी हेच विचारलं. मी सांगणार नाही. झालं असं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, बघा, विज्ञानाचा चमत्कार. नाही झालं म्हटलं तर म्हणाल, मग फरक काय राहिला? आमच्या कामात बरेचदा अपयश येतं, आणि आल्यावर आम्ही ते अपयश म्हणूनच सांगतो, बाईच्या अंगावर ढकलत नाही. फरक आहे तो एवढा, आणि माझ्या मते तो फार मोठा आहे. तेव्हा मूल झालं की नाही हे विचारण्याआधी पेटीत काय आहे ते विचारायला शिका. काच का पुसली, पंखे का बंद केले, उठलेलं सात दिवसांत पुन्हा का मेलं, असं भर सभेत मोठ्याने विचारा. जो खरा असेल तो झाकण उघडून दाखवेल. जो चिडेल, त्याच्यासमोर हात जोडू नका.

उपचार ठरले त्या सकाळी भाऊ स्वतः आला. भावजयीसोबत, बसने. या वेळी नळी त्याने आणली होती, शर्टाच्या आत, अंगाशी धरून, आणि सगळ्या प्रवासभर तो हात छातीवर ठेवून उभा होता म्हणे. कुणीतरी त्याला दुखतंय का म्हणून विचारलं, तर तो नाही म्हणाला. आमच्याकडे नियम आहे की नळीवरचं नाव एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने पडताळायचं. त्याची बहीण म्हणून मी फक्त नाव वाचणार होते, पुढचं काम माझी सहकारिणी करणार होती. मी खिडकीतून हात पुढे केला आणि त्याने नळी माझ्या हातात ठेवली.

ती कोरडी होती, आणि कोमट होती.